पोदेराच्या भोंग्यापासून मिरगाच्या विहिरीपर्यंत: घरी साजरे करायचे छोटे, अनोखे दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे पाच जण आहोत. गेली सहा वर्षं आम्ही कॅलेंडरवर न छापलेले काही दिवस साजरे करतो. कुणाच्या बारशाला किंवा जत्रेला भेट झाली की नातेवाईक आणि मुलांच्या मित्रांचे पालक याबद्दल हमखास विचारतात. तेच ते सांगून झालं, म्हणून इथे एकदा नीट लिहिते आहे.

हे नक्की कसले दिवस?

पावाचा दिवस, नारळाचा दिवस, चिमणीचा दिवस, डावखुऱ्यांचा दिवस, रेडिओचा दिवस. जगात कुणीतरी कधीतरी ठरवलेले, सुट्टी नसलेले, पूजा-नैवेद्य नसलेले दिवस. पंचांगात ते सापडणार नाहीत. साजरा करणं म्हणजे आमच्याकडे एवढंच, की त्या दिवशी त्या एका गोष्टीकडे घरातल्या सगळ्यांनी मिळून लक्ष द्यायचं.

हे दिवस ठरवतं कोण? सगळेच खरे मानायचे का?

काही संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले असतात, काही युनेस्कोने, काही एखाद्या व्यवसायाच्या जागतिक संघटनेने. आणि काही चक्क एकदोन माणसांनी. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० मध्ये सुरू झाला तो नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने. मे महिन्याच्या पहिल्या रविवारचा जागतिक हास्य दिवस डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत सुरू केला, १९९८ साली. 'जागतिक' म्हटलं की परदेशातून आलेलं असणार असं आपण धरून चालतो. मुलांना या दोन्ही गोष्टी कळल्या तेव्हा त्यांना फार अभिमान वाटला, आणि मलाही.

तारखाही कायमच्या नसतात. चहाचा दिवस पूर्वी चहा पिकवणारे देश १५ डिसेंबरला पाळत. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये २१ मे ठरवला. मोबाइलवर शोधलं तर एकेका तारखेला दहा-दहा दिवस सापडतात आणि त्यातले बरेच कुणाचा तरी माल खपवायला काढलेले असतात. माझी कसोटी साधी आहे. ती वस्तू किंवा तो जीव आमच्या घरात, वाड्यावर (म्हणजे आमच्या वस्तीत) किंवा गावात असला पाहिजे. डोनट आमच्या वाड्यावर नाही, पाव आहे.

आपल्याकडे सण काय कमी आहेत? चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी, शिगमो, जत्रा. त्यात आणखी भर कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो योग्य आहे. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर पाहायचा, सकाळी फोवांचे (पोह्यांचे) चार-पाच प्रकार करायचे. एवढं सगळं करून हातात वेळ उरत नाही हे मला माहीत आहे.

पण सणाला घरातल्या बाईला बसायला मिळत नाही. मुलं नवे कपडे घालून पाहुण्यांच्या पाया पडतात आणि मग मोबाइल घेऊन कोपरा धरतात. या छोट्या दिवसांना सोवळं नाही, पाहुणे नाहीत, चुकलं तर कुणी बोलत नाही. म्हणून त्या दिवशी मुलांच्या हाती कारभार देता येतो.

दुसरं असं, की गोव्याचेच कितीतरी अनोखे दिवस गोव्यातल्याच मुलांनी पाहिलेले नसतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल लावलेले बाप्ये आणि पोरं पावसात, चिखलात, कृष्णाच्या बाळपणीचे खेळ खेळतात. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण अशी तिथली मूर्ती आहे. माझ्या मुलीने ती पाहिली आणि ताबडतोब माझ्या कडेवर बसायचा हट्ट धरला. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत हाताने बनवलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या होड्या सोडतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरां असतो. वाड्यावाड्यांमधल्या हद्दीच्या जुन्या भांडणांची आठवण म्हणून तिथे रंगीत बावटे घेऊन मिरवणूक निघते. बांबूच्या नळीची फोटाश नावाची खेळण्यातली बंदूक असते, तिच्यात रानातली फळं घालून उडवतात. जगाचे दिवस घरी साजरे करायच्या आधी हे तीन पाहून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

वर्षातून असे किती दिवस करावेत?

महिन्याला एक, फार तर दोन. पहिल्या वर्षी मी जानेवारीपासून रोज एक दिवस असा तक्ता भिंतीवर लावला होता. तिसऱ्या आठवड्यात मुलांनी त्याच्याकडे पाहणं सोडलं आणि मी एकटीच संध्याकाळी दमून काहीतरी उरकत होते. तो तक्ता काढून टाकला तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. आता जानेवारीत मुलं स्वतः बारा दिवस निवडतात, प्रत्येकी सहा.

सुरुवात कोणत्या दिवसाने करू?

गोव्यात राहत असाल तर पावाच्या दिवसाने, १६ ऑक्टोबरला. जगभरच्या बेकरीवाल्यांच्या संघटनेने ही तारीख घेतली, कारण १९४५ मध्ये याच दिवशी संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना स्थापन झाली. म्हणूनच हाच जागतिक अन्न दिवसही आहे.

आमच्या दारात रोज सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, हातात रबरी भोंगा. त्या भोंग्यावर आमचं घर उठतं. तरी मुलांनी त्याला कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण पाव माझ्या हातून थेट ताटलीत येतो. त्या वर्षी दोघं सहाच्या आधी पायरीवर जाऊन बसली. पोदेराने टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं आणि वाफ वर आली. धाकटी टोपलीत डोकं घालायच्या बेतात होती. त्याने एकेक पाव उचलून दाखवला. कोंड्यात लोळवलेली, आतून पोकळ पोई. कडक पाठीचा उंडो. चार कोपऱ्यांचा कातऱ्यांचा पाव. बांगडीसारखं काकण, जे सासूबाई चहात बुडवून खातात. मग धाकटीने विचारलं, "तू कितीला उठतोस?" मी म्हटलं, "अगं, अहो म्हण." तो हसला आणि म्हणाला, "मी उठतो तेव्हा तुझी झोप अर्धी पण झालेली नसते." शेवटी त्याने भोंगा तिच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दाबला तरी पहिल्यांदा नुसती हवाच आली. दुसऱ्या वेळी असा वाजला की शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या.

संध्याकाळी आम्ही शब्द शोधले. पोदेर हा पोर्तुगीज 'पादैरू' वरून आलेला शब्द, आणि पाव 'पांव' वरून. जुन्या काळी पीठ फुगवायला माडाची सूर (माडी) वापरत. म्हणजे आपल्या पावाचं खमीर माडावरून उतरत होतं, हे थोरल्याला अजून आठवतं. त्या दिवसाचा खर्च म्हणजे रोजच्यापेक्षा चार पाव जास्त.

गावात भट्टी असेल तर मालकाला आधी विचारून संध्याकाळी मुलांना घेऊन जा. लाकडावर तापणारी भट्टी आणि लांब दांड्याचं फावडं पाहिलं की पाव कुठून येतो हे सांगावं लागत नाही.

नारळाचा दिवस गोव्यात कसा करावा?

२ सप्टेंबर. नारळ पिकवणाऱ्या आशिया-पॅसिफिक देशांची संघटना १९६९ मध्ये या तारखेला स्थापन झाली, म्हणून हा दिवस. तो चवथीच्या आसपास पडतो आणि घरात नारळ असतातच. पावसाने माड निसरडे असतात, तेव्हा नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला चढायचा आग्रह करू नका. मेमध्ये पाडून ठेवलेले नारळ चालतात.

एक न सोललेला नारळ मधोमध ठेवायचा आणि त्याच्या कुठल्या भागाचं घरात काय होतं ते मुलांनी शोधून आणायचं. सोडणं (वरची साल) चुलीत. करवंटीचा दवला (डाव). हिरांची केरसुणी. खोबरं हुमणात (माशांच्या आमटीत), सोलकढीत, पातोळ्यांच्या चुनात (गोड सारणात). नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो आणि कोंब त्यातूनच बाहेर येतो. तो कुठला हे काडीने टोचून पाहायचा खेळ मुलांना फार आवडतो. आदोळीवर (विळीवर) बसून खवणं मात्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. माड हे झाड आहे का? शास्त्राच्या दृष्टीने तो ताडाच्या कुळातला, त्याला आंबा-फणसासारखं वर्षागणिक जाड होत जाणारं लाकूड नसतं. २०१६ मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माडाला झाडांच्या व्याख्येबाहेर काढलं होतं. लोकांनी विरोध केला. २०१७ मध्ये तो पुन्हा झाड ठरला आणि राज्यवृक्षही झाला. सासूबाई त्या वर्षी म्हणाल्या होत्या, "माडाला झाड म्हणायला कागद कशाला हवा?"

मार्चमध्ये परीक्षा असतात. तेव्हाचे दिवस कसे सांभाळायचे?

सोडून द्यायचे. १४ मार्चचा 'पाय' दिवस गणिताच्या शिक्षकांना प्रिय आहे, पण तो अमेरिकेतला. तिथे महिना आधी लिहितात म्हणून ३/१४, म्हणजे ३.१४. आपण दिवस आधी लिहितो. आपल्यासाठी २२ जुलै, २२/७. हाही जगात पाळला जातो, आणि तेव्हा बाहेर पाऊस असतो, मुलं घरात अडकलेली असतात.

एक दोरा, एक पट्टी, आणि घरातल्या गोल वस्तू. ताट, डब्याचं झाकण, पोई, बांगडी. घेर मोजा, व्यास मोजा, भागाकार करा. आमच्या ताटाचा व्यास २८ सेंटिमीटर, घेर ८९ आला. उत्तर ३.१८. थोरला हट्टाला पेटला, दोरा ओला करून पुन्हा गुंडाळला, ८८ आला. अठ्ठ्याऐंशी भागिले अठ्ठावीस म्हणजे बरोबर बावीस सप्तमांश. तो दोरा त्याने कंपासपेटीत ठेवला आहे.

त्यानंतर नऊ दिवसांनी ३१ जुलै येते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म याच तारखेला, १९०७ मध्ये, गोव्यातल्या कोसबे इथे झाला. इतिहासकार म्हणून त्यांचं नाव आपण ऐकतो, पण ते मुळात गणिती. जुनी नाणी हातोहात फिरताना झिजतात, त्यांचं वजन कमी होतं. हजारो नाण्यांची वजनं घेऊन त्यांनी त्यावरून इतिहास वाचला. आम्ही गल्ल्यातली एक रुपयाची नाणी सालाप्रमाणे ओळीत लावली आणि बोटाने कडा तपासल्या. सगळ्यांत जुन्या नाण्यावरचे आकडे जवळजवळ पुसले गेले होते. तेवढ्यानेच मुलांना कोसंबींचं काम कळलं.

मुलगा तेरा वर्षांचा झाला, आता त्याला हे सगळं बालिश वाटतं. काय करू?

त्याच्या स्वतःशी संबंधित दिवस शोधा. आमचा थोरला डावखुरा. लहानपणी देवळात तीर्थ-प्रसादाला डावा हात पुढे केला की कुणी ना कुणी तो मागे सारायचं. घरातही ते झालं, मी नाकारत नाही. १३ ऑगस्ट हा डावखुऱ्यांचा दिवस, १९७६ पासूनचा.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी डाव्या हाताने कामं करायची, असं त्याने ठरवलं. जेवण त्यातून वगळलं. डाव्या हाताने घास घेणं सासूबाईंना रुचणार नव्हतं, आणि त्यांना वगळून दिवस करायचा नव्हता. बाकी सगळं केलं. त्याच्या बाबांनी कात्री डाव्या हातात धरून कागद कापायला घेतला तर कागद पात्यांमध्ये दुमडायला लागला. तेव्हा कळलं की साधी कात्री उजव्या हातासाठीच जोडलेली असते, डावखुऱ्याला आपण कापतोय ती रेघ दिसतच नाही. आम्ही नऊ वर्षं त्याला "नीट काप" म्हणत होतो.

सासूबाईंनी अंगणात डाव्या हाताने रांगोळी घातली. पन्नास वर्षांचा हात, पण रेघ थरथरत गेली. त्या थांबल्या आणि नातवाला म्हणाल्या, "बाबू, चिमूट कशी धरायची, दाखव बघू मला." तो शेजारी उकिडवा बसला आणि दाखवू लागला. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ती आम्ही त्याच आठवड्यात मागवली.

आजी-आजोबांना यात कसं घ्यावं?

त्यांना 'सहभागी करून घेऊ' नका, त्यांच्याकडून ऐका. यासाठी १३ फेब्रुवारीचा रेडिओ दिवस उत्तम. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ या तारखेला सुरू झाला. युनेस्कोने २०११ मध्ये हा दिवस ठरवला.

गोव्यात या दिवशी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो सरदेसाई आणि वामन सरदेसाई यांनी गोव्याच्या हद्दीबाहेरच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन भाषांत बातम्या द्यायच्या, पोर्तुगीज सत्तेचा खोटा प्रचार उघडा पाडायचा, आणि हे सलग सहा वर्षं. गोवा मुक्त झाला तेव्हा लिबियाताईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून ती बातमी खाली लोकांना सांगितली. २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी शाळेत होते तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या रात्री आम्ही दिवे बंद केले, जुना ट्रान्झिस्टर लावला आणि सासूबाईंना विचारलं, तुमच्या लहानपणी रेडिओ कुणाच्या घरी होता? अर्धा तास त्या बोलत राहिल्या. एका खोलीत सगळा वाडा दाटीवाटीने बसायचा, रेडिओवर विणलेला रुमाल असायचा, बातम्या लागल्या की बोलायची टाप नसायची. मुलांनी मध्ये एकदाही मोबाइल मागितला नाही.

शेजारी ख्रिश्चन आहेत. त्यांच्याबरोबर काही करता येईल?

गोव्यात हे विचारावं लागू नये, पण नव्या वसाहतींमधून हा प्रश्न खरंच येतो. २४ जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचं फेस्त, असतो. डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, नव्या जावयाचा मान असतो. बोलावलं तर जा, मुलांनाही कोपेल विणू द्या. विहिरीत उतरायचं ते फक्त पोहता येणाऱ्यांनी, आणि दारू प्यायलेल्यांनी मुळीच नाही. हळदीच्या पानातल्या पातोळ्या तर आपण नागपंचमीला करतो आणि ते १५ ऑगस्टला, सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला. आमच्या वाड्यावर दोन्ही वेळा डबे इकडून तिकडे जातात.

आणि २१ नोव्हेंबरचा 'हॅलो' दिवस. १९७३ मध्ये इजिप्त-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेतल्या दोन भावांनी सुरू केला. दहा माणसांना आपणहून नमस्कार करायचा, बस. पर्वरी-मडगावच्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांना मी आवर्जून हाच सुचवते. माझ्या भाचीने केला, तेव्हा तिला चार वर्षांत पहिल्यांदा समोरच्या दारातल्या आजींचं नाव कळलं.

दोघंही नोकरी करतो. वेळ कुठून आणायचा?

रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटं पुरतात. पोदेराचा दिवस तर शाळेची रिक्षा यायच्या आधी संपतो.

खर्च किती येतो?

काही विकत आणावं लागत असेल तर दिवस चुकीचा निवडला आहे. कात्री हा आमचा सहा वर्षांतला सर्वांत मोठा खर्च.

फोटो काढावेत का?

एक काढा आणि मोबाइल बाजूला ठेवा. आम्ही त्याऐवजी दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक दिवसाला एक पान, आणि लिहायचं मुलांनीच, शुद्धलेखन न तपासता.

ठरवलेला दिवस विसरलो तर?

दुसऱ्या दिवशी करा. चिमण्यांना तारीख माहीत नसते.

स्वतःच्या घराचा दिवस काढला तर चालेल का?

चालेल, आणि तोच मुलांना सर्वांत प्रिय होईल. आमचा आहे विहिरीचा दिवस. मिरग (मृग नक्षत्र) लागतो त्या दिवशी, ७ जूनच्या सुमाराला. एका दोराला हातभर अंतरावर गाठी मारल्या आहेत आणि टोकाला दगड बांधला आहे. कठड्याशी मी धाकटीला घट्ट धरते आणि ती दोर सोडते. दगड तळाला लागल्याचं हाताला कळलं की दोर वर ओढायचा आणि ओल्या गाठी मोजायच्या. पावसाळाभर दर रविवारी हेच. पहिल्या वर्षी मिरगाला तीन गाठी ओल्या होत्या आणि चवथीच्या रविवारी अकरा. गेल्या वर्षी मिरगाला दोनच होत्या. धाकटीने वहीत तो आकडा लिहिला, त्याखाली दोनदा रेघ ओढली, आणि त्या दिवसापासून दात घासताना नळ बंद करते.